जत्रेच्या फडापासून खो-खोच्या मैदानापर्यंत : मराठवाड्यातल्या एकत्र येण्याची पार्श्वभूमी

गेल्या काही वर्षांत आरक्षणाच्या वादाने बीड, जालना, परभणीकडच्या गावागावांत तेढ वाढली. शेजारच्या दुकानातून सामान घ्यायचे की नाही, इथपर्यंत गोष्टी गेल्या. त्यामुळे सगळ्या वस्त्यांना एकत्र आणणाऱ्या क्रीडा स्पर्धा आणि सांस्कृतिक उपक्रम यांच्याकडे पुन्हा लक्ष जाऊ लागले आहे. हे काम मराठवाड्याला नवे नाही. जुन्या प्रथांपैकी ज्या टिकल्या, त्यांत लोकांना पाहुणा म्हणून बोलावलेले नव्हते. प्रत्येकाच्या वाट्याला काही ना काही काम आलेले होते.

अखंड हरिनाम सप्ताह घ्या. सात दिवस वीणा खाली टेकवायची नाही, म्हणजे दिवसरात्र कोणीतरी ती गळ्यात घेऊन उभे राहणार. दोन-दोन तासांचे पहारे लावले तर दिवसाला १२ आणि सप्ताहाचे ८४ पहारे होतात. प्रत्येक पहाऱ्याला एक वीणेकरी आणि निदान दोन टाळकरी लागतात. एका भावकीच्या बळावर हे निभत नाही. खरी परीक्षा रात्री बारा ते पहाटे चारच्या पहाऱ्यांची. तिथली नावे आधी ठरवून पाराजवळच्या फळ्यावर लिहिली नाहीत, तर तिसऱ्या रात्रीपासून तीच दोन-चार माणसे जागतात आणि पुढच्या वर्षी नाव देत नाहीत. काकडा, पारायण, हरिपाठ, कीर्तन असा दिवस भरतो आणि शेवटी काल्याचे कीर्तन व महाप्रसाद होतो. सप्ताहाची उणीवही याच ठिकाणी उघडी पडते. दलित वस्तीतल्या माणसाच्या गळ्यात वीणा आली का, पंगतीत वाढायला कोण होते, चुलीपाशी कोणाला येऊ दिले, या तीन प्रश्नांची उत्तरे अनेक गावांत वर्षानुवर्षे चांगली नव्हती. जिथे ती बदलली, तिथे कुणीतरी पहाऱ्यांची यादी सगळ्या वस्त्यांत जाऊन केली होती.

उरूस आणि मोहरम यांची घडण वेगळी. परभणीच्या तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसाला सर्व धर्मांचे लोक जातात. मोहरमात गावातल्या सवारीला, म्हणजे मिरवणुकीत नेल्या जाणाऱ्या पंजाला, नवस बोलणाऱ्यांत हिंदू घरे असतात. मुसलमानांची दोन-चारच घरे असलेल्या गावांत तर अलाव्याचे (मोहरमात पेटवायच्या जाळाचे) लाकूड गोळा करण्यापासून सवारी धरण्यापर्यंतची कामे इतर समाजांकडे परंपरेने आलेली असतात. यात कालगणनेची एक अडचण आहे, ती नियोजन करणाऱ्याने ध्यानात ठेवावी. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने मोहरम आणि बहुतेक उरूस दरवर्षी तेवढे अलीकडे सरकतात आणि काही वर्षे ऐन पेरणीत येतात. तेव्हा गर्दी कमी झाली म्हणून सलोखा कमी झाला, असा अर्थ काढू नये. परभणीचा उरूस मात्र दरवर्षी २ फेब्रुवारीला सुरू होतो, म्हणजे खरिपाचा माल घरात आल्यावर.

निजामी राजवटीत सभा-संमेलनांवर बंधने होती. ‘गश्ती निशान ५३’ या फर्मानाने सभेला परवानगी सक्तीची केली. वाचनालये, खासगी शाळा, आखाडे यांच्याकडेही संशयाने पाहिले जाई. म्हणून कीर्तन, गणेशोत्सव आणि तालीम या जागांना इथे सार्वजनिक आयुष्यात जास्त वजन आले. त्याच काळात धर्माच्या नावावर बांधलेल्या संघटनाही वाढल्या आणि जी जागा जोडत होती तीच काही ठिकाणी तोडू लागली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले. पुढे १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात.

नव्या राज्यात पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा १९६१ साली औरंगाबादला झाली, हे आज फार थोड्यांच्या लक्षात आहे. १९६९ मध्ये ती लातूरला भरली आणि लातूर जिल्ह्यातल्याच हरिश्चंद्र बिराजदारांनी जिंकली. पुढच्या पिढीत पाटोद्याच्या राहुल आवारेने २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्णपदक मिळवले. या सगळ्यांच्या मागे जत्रेतला कुस्त्यांचा फड उभा आहे. लोह्याजवळच्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्यांच्या बाजाराशेजारी आणि लावणीच्या तंबूंजवळ कुस्त्यांचीही दंगल रंगते.

फड भरवायचा तर आधी मातीचा प्रश्न येतो. मराठवाड्याची काळी माती कुस्तीला चालत नाही. ओली झाली की चिकटते, वाळली की ढेकळे होतात आणि पाठ सोलते. म्हणून तांबडी माती बाहेरून आणतात, चाळतात, तालमीच्या हौद्यात तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू मिसळतात आणि रोज फावड्याने उलटतात. मुठीत दाबली तर गोळा व्हावा आणि बोटाने टोचला तर फुटावा, एवढीच ओल हवी.

दुसरा प्रश्न जोड लावण्याचा. सुरुवातीला लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या आणि नारळावरच्या कुस्त्या, मग चढत्या इनामाच्या, शेवटी मोठी निकाली कुस्ती. इनामाच्या कुस्तीत वजनकाटा नसतो. पंच अंगलट पाहून जोड लावतात आणि भांडण इथेच पेटते. आपल्या गावच्या पोराला हलका जोड दिला असा संशय आला की पाव्हण्या गावचे लोक उठून जातात. त्यामुळे पंचांत निदान एक वस्ताद बाहेरगावचा आणि एक दुसऱ्या समाजाचा असावा, आणि मोठ्या कुस्त्यांचे जोड आदल्या दिवशी जाहीर करावेत. हलगीवाल्यांचेही तसेच. हे कलावंत बहुधा मातंग समाजातले. हलगी थांबली की फडाचा जीव जातो, पण जत्रा कमिटीत त्यांना जागा देणारी गावे थोडी. बिदागी देऊन मोकळे होण्यापेक्षा त्यांचा एक माणूस कमिटीत घ्यावा, हे आमचे स्पष्ट मत आहे.

वर्गणीत बिघडते ते असे : एक पुढारी सगळे इनाम देतो, त्याचा फलक लागतो, बाकीचे हात आखडतात. पुढच्या वर्षी पुढारी आला नाही की फड बंद. घरटी थोडीथोडी वर्गणी, पावती पुस्तक आणि जत्रेनंतर आठ दिवसांत पारावर हिशेबाचे वाचन, एवढे पाळणारी कमिटी टिकते.

पण फडात बायका-मुली कुठे होत्या? बहुतेक ठिकाणी कडेलाही नव्हत्या. ती कोंडी खो-खोने फोडली. धाराशिवची सारिका काळे २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाची कर्णधार होती. तिला २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. या खेळाला २७ बाय १६ मीटर जागा, दोन खांब आणि रेषा आखायला फक्की (पांढरी भुकटी) पुरते. मैदानावर एका वेळी ९ खेळाडू आणि राखीव धरून संघ १२ चा, म्हणजे छोट्या शाळेतही सगळ्या वस्त्यांच्या मुली मिळाल्याशिवाय संघ उभा राहत नाही. पाठलाग करणाऱ्या बाजूच्या आठ जणी आळीपाळीने उलट दिशांना तोंड करून बसतात. धावणाऱ्या नवव्या मुलीने पाठीमागून दिलेला ‘खो’ ऐकताच उठावे लागते, तिचे आडनाव विचारायला सवड नसते.

मैदान करताना काळी माती इथेही नडते. पावसात फुगून ती खांब सैल करते आणि उन्हाळ्यात भेगांत पाय मुरगळतात. वरचा वीतभर थर काढून मुरूम भरावा, पाणी मारून रोलर फिरवावा आणि खांबाच्या खड्ड्यात मातीऐवजी मुरूम-खडी ठोकावी. सरावाची वेळ शाळा सुटल्याबरोबरची ठेवावी. अंधार पडल्यावर सराव ठेवला की लांबच्या वस्त्या-तांड्यांवरच्या मुली आधी गळतात आणि संघ पुन्हा एकाच गल्लीचा होतो.