टॅग माशाच्या पाठीवर की पोटात?

ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंना 2022 मध्ये सौर जीपीएस टॅग लागले. तेव्हापासून ऐरोली-वाशीकडच्या पक्षीवेड्यांना सॅटेलाइट ट्रॅकिंग तोंडपाठ आहे. गडबड होते ती तीच कल्पना टूनावर चिकटवली की: मासा पोहतोय, आणि उपग्रह त्याचं ठिकाण आणि अंगाचं तापमान कळवत बसलाय. दोन्ही चूक.

ठिकाणाचं थोडक्यात. जीपीएसचा सिग्नल खाऱ्या पाण्यात शिरत नाही, म्हणून हिशोब टॅगने नोंदलेल्या उजेडावर चालतो. स्थानिक मध्यान्हावरून रेखांश (4 मिनिटांना 1 अंश), दिवसाच्या लांबीवरून अक्षांश. विषुवदिनाच्या आसपास दिवस सगळीकडे सारखाच, तेव्हा अक्षांश पार भरकटतो.

खरा घोळ तापमानाचा. पॉप-अप टॅग पाठीत रोवलेल्या डार्टला दोरीने बांधलेला असतो, माशामागे पाण्यातून ओढला जातो. त्याला कळतं ते पाण्याचं तापमान, माशाचं नव्हे. ठरल्या तारखेला त्याची पिन विजेने गंजवली जाते, टॅग सुटून वर येतो आणि आर्गोस उपग्रहांना नोंदींचा सारांश पाठवतो. ‘सॅटेलाइट टॅगने टूनाचा ताप मोजला’ असं कुणी लिहिलं की पुढचं वाचायचा उत्साहच जातो.

अंगाचं तापमान हवं तर आर्काइव्हल, म्हणजे नोंदी स्वतःतच साठवणारा टॅग. पोटाला छोटा छेद देऊन तो आत ठेवतात आणि टाके घालतात. त्याचा बारीक देठ कातडीतून बाहेर येतो. देठावर उजेडाचा आणि पाण्याच्या तापमानाचा सेन्सर, आतल्या नळीत पोटाचा. एकाच क्षणाचे दोन आकडे मिळतात आणि सगळी मौज त्यांच्या फरकात आहे. ब्लूफिन टूना खोल, थंड पाण्यात उतरला तरी पोटाच्या तापमानाची रेघ फारशी हलत नाही. थंड भक्ष्य गिळलं की ती जरा खचते, मग पचन सुरू झालं की कित्येक तास चढत जाते. त्यावरून जेवणाच्या वेळा काढता येतात. अडचण एकच: हा टॅग काहीच पाठवत नाही. मासा जाळ्यात किंवा गळाला लागून कोळ्याने टॅग परत केला तरच माहिती हाती येते. बक्षीस त्यासाठीच असतं, आणि ते घसघशीतच हवं.

पण पोट म्हणजे अख्खा मासा नव्हे. तलवार मासा फक्त डोळे आणि मेंदू गरम ठेवतो. पोटातल्या टॅगला त्याचा पत्ता लागणार नाही.

आणि पॉप-अप टॅगनेच ऊब दाखवली तर? भर दिवसा पृष्ठभागाजवळही उजेड शून्य, खोली कितीही बदलली तरी तापमान एकाच आकड्याला धरून, असं दिसलं तर टॅग कुणीतरी गिळलाय. आकडा 25 अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तर संशय ऊबदार अंगाच्या शार्कवर, 36च्या पुढे असेल तर दातवाल्या देवमाशावर.