इफेमरल : एका दिवसाचा ताप, एका दिवसाचा कीटक

इंग्रजी कवितेत क्षणभंगुर गोष्टींचा विषय निघाला की ‘इफेमरल’ हा शब्द हमखास भेटतो. इतका नाजूक वाटणारा शब्द इंग्रजीत आला तो मात्र वैद्यकातून. ग्रीकमध्ये ‘हेमेरा’ म्हणजे दिवस आणि ‘एफेमेरोस’ म्हणजे दिवसापुरता. एका दिवसात उतरणाऱ्या तापाला मध्ययुगातले वैद्य ‘एफेमेरा’ म्हणत. विशेषण म्हणून ‘इफेमरल’ रुळला सोळाव्या शतकात. ग्रहांच्या रोजच्या स्थानांची कोष्टकं, म्हणजे ‘एफेमेरिस’, याच घराण्यातली. ग्रीसमध्ये आजही वर्तमानपत्राला ‘एफिमेरिदा’ म्हणतात. थोडक्यात, दैनिक!

शब्दाला खरी प्रसिद्धी दिली ती एका कीटकाने. काळ्या समुद्राजवळच्या हिपानिस नदीकाठी उन्हाळ्यात दिसणारा, संध्याकाळपर्यंत उडून सूर्यास्ताला मरणारा ‘एफेमेरॉन’ ॲरिस्टॉटलने इ. स. पू. चौथ्या शतकात नोंदवला आहे. हाच आजचा मेफ्लाय. त्याच्या गणाचं शास्त्रीय नाव एफेमेरॉप्टेरा, म्हणजे दिवसभराचे पंखवाले.

पण हे नाव अर्धंच खरं आहे. मेफ्लायची पिल्लं पाण्याखाली महिनोन्‌महिने, काही जातींत दोन-तीन वर्षंही जगतात. शेवाळ आणि कुजका पाचोळा खातात, पुन्हा पुन्हा कात टाकतात. आपण पाहतो तो फक्त शेवटचा अंक. पंख फुटल्यावर ते आणखी एकदा कात टाकतात. आजच्या कीटकांत हे दुसरं कुणी करत नाही. प्रौढाचं तोंड निकामी असतं आणि आतड्यात हवा भरलेली असते. खायचंच नाही, तर पोट कशाला? उरतं एकच काम : जोडीदार शोधणं आणि अंडी घालणं. अमेरिकेतल्या डोलानिया अमेरिकाना या जातीची प्रौढ मादी पाच मिनिटंही जगत नाही.

वंशाचं म्हणाल तर मेफ्लायचे पूर्वज सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉर यायच्या कितीतरी आधी उडत होते. आजच्या मेफ्लायना मारतं ते घाण पाणी. उत्तर अमेरिकेतल्या ईरी सरोवराच्या तळाचा प्राणवायू प्रदूषणाने घटला आणि १९५०च्या दशकात तिथले मेफ्लाय जवळपास नाहीसे झाले. पाणी सुधारलं, तसे १९९०च्या दशकात ते परतले. आता उन्हाळ्यात त्यांचे थवे हवामान खात्याच्या रडारवर पावसाच्या ढगांसारखे उमटतात.