ढग फिगेरोआचे, चित्रपट कोणाचा?

काळंपांढरं आकाश, ढगांचे डोंगर, पुढे ‘मागेय’ या घायपातीसारख्या वनस्पतीची काटेरी झुडपं: जुन्या मेक्सिकन चित्रपटातलं असं छायाचित्र दिसलं की खाली हमखास दिग्दर्शक एमिलियो फर्नांडेझचं नाव चिकटवलेलं असतं. कधी दुसरा दिग्दर्शक लुईस बुन्युएलचं. एकदाचं निस्तरू या.

बुन्युएल तर फिल्म सोसायटीवाल्यांना पाठच आहे: जन्म स्पेनचा, १९४९ पासून मेक्सिकोचा नागरिक. फर्नांडेझ मेक्सिकोतल्याच कोआविला प्रांतातला, आई किकापू आदिवासी, म्हणून टोपणनाव ‘एल इंदियो’. त्याच्या ‘मारिया कांदेलारिया’ला १९४६ साली कान चित्रपट महोत्सवात ग्रां प्री मिळाली, ती चेतन आनंदच्या ‘नीचा नगर’सह अकरा चित्रपटांत विभागून. जन्मगाव, पुरस्कार वगैरेंत कोणी फसत नाही.

फसवतो तो गाब्रिएल फिगेरोआ. दोघांचाही छायालेखक, म्हणजे कॅमेरामन, तोच. फर्नांडेझचा ‘मारिया कांदेलारिया’ त्याचा, ‘एनामोरादा’ त्याचा, आणि बुन्युएलचे ‘लोस ओल्विदादोस’, ‘नासारिन’ही त्याचेच. त्यामुळे नुसत्या प्रकाशावरून दिग्दर्शक ओळखायला जाल तर तोंडघशी पडाल. पाहायचं ते हे, की त्या आकाशाचं दिग्दर्शक करतो काय. फर्नांडेझ कॅमेरा खाली ठेवतो आणि माणसाला आभाळाला टेकवतो. मेक्सिको शहराजवळच्या सोचिमिल्कोत फुलं विकणारी, गावानं वाळीत टाकलेली मारिया त्याच्या चौकटीत देवीसारखी उभी राहते. दारिद्र्यालाही तो मखर देतो. बुन्युएलला मखराचाच तिटकारा. ‘नासारिन’च्या वेळी फिगेरोआनं पोपोकातेपेत्ल ज्वालामुखी आणि ढग अशी झकास चौकट लावली होती, बुन्युएलनं कॅमेरा सरळ उलटीकडे, साध्या भूभागाकडे वळवला. ‘लोस ओल्विदादोस’मध्ये टोळीचा म्होरक्या हायबो खून करतो तिथे मागे अर्धवट इमारतीचा सांगाडा आहे आणि मार खाऊन पडलेल्या आंधळ्यासमोर कोंबडी. तिथे आभाळ कोणाच्याही मदतीला येत नाही. मेक्सिकोत तो चित्रपट काही दिवसांतच उतरवावा लागला, यात मला नवल वाटत नाही.

माझा कौल बुन्युएलला. पण फर्नांडेझला ‘नुसता पोस्टकार्डवाला’ म्हणणाऱ्यांनी १९४९ चा ‘सालोन मेक्सिको’ पाहिलेला नसतो. छायालेखक तोच, पण तिथे शहर आहे, रात्र आहे, नाचघर आहे; ढगांना वावच नाही.

नटांवरून ओळखू म्हणाल तर तेही जमणार नाही. ‘मारिया कांदेलारिया’तला दुष्ट दुकानदार डॉन दामियान आणि ‘लोस ओल्विदादोस’मधला खुनशी आंधळा, दोन्ही मिगेल इन्क्लानच. ‘सालोन मेक्सिको’त पुन्हा तोच, पण सगळ्यात भला माणूस असलेला पोलीस म्हणून.