बॅटरीच्या मोटरीत दम नसतो?

हतनूर धरणाच्या पाण्यावर शिडाची होडी काढायची म्हटली, की सल्ला ठरलेला: “बॅटरीची मोटर खेळण्यातली, पेट्रोल इंजिनच घ्या.” हा गैरसमज आहे. विजेची मोटर सुरू होताच पूर्ण जोर देते आणि होडी ढकलणारा पाण्यातला मोठा पंखा सावकाश फिरवते. लहान होडीला हवं तेच. कमी पडतो तो साठा. लिटरभर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. इंजिन त्यातली बरीचशी उष्णतेत घालवतं, हे खरं; पण १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीत मुळात १.२ युनिटच! मात्र वेग निम्मा केला, की लागणारी शक्ती साधारण आठव्या हिश्श्यावर येते. वारा पडल्यावर काठाला परतायला मी बॅटरीच घेईन. धडगावकडे नर्मदेच्या फुगवट्यावर दिवसभर माणसं नेणाऱ्यांनी मात्र इंजिनच ठेवावं.