एचआयव्हीबाधितांमधील क्षयरोग उपचारांची निष्पत्ती (खानदेश)

एचआयव्हीसह जगणाऱ्या रुग्णाचा क्षयरोगाचा उपचार थांबला की निक्षय पोर्टलवर (क्षयरुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत) त्याच्या नावापुढे एक शेरा पडतो: बरा झाला, उपचार पूर्ण, मृत्यू, उपचार अपयशी किंवा पाठपुरावा तुटला. पहिले दोन मिळून यश धरतात. 'बरा झाला' लिहायचे तर सुरुवातीला जंतू सापडलेला आणि शेवटी थुंकी निगेटिव्ह आलेली असावी लागते. एचआयव्हीत रोग पुष्कळदा गाठीत, पोटात किंवा मेंदूच्या आवरणात असतो आणि थुंकीत जंतू कमी असतात. म्हणून 'उपचार पूर्ण' हा शेरा जास्त दिसतो. तो कमअस्सल यश नव्हे. मृत्यू कोणत्याही कारणाने झाला तरी मृत्यूच नोंदतात. भारतात सलग एक महिना गोळ्या बंद राहिल्या की पाठपुरावा तुटला असे धरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत ही मुदत दोन महिन्यांची आहे.

नेहमीच्या, औषधांना दाद देणाऱ्या क्षयाला दोन महिने चार औषधे आणि पुढे चार महिने तीन औषधे, रोज. एकत्रित गोळ्यांची संख्या वजनावर ठरते: 35 ते 49 किलोला 3, 50 ते 64 किलोला 4. गोळ्या लागू पडल्या की वजन वाढते, आणि तेव्हा गोळी वाढवायची राहून जाते. दर महिन्याला काटा पाहावा तो यासाठी.

मृत्यू बहुतेक पहिल्या दोन महिन्यांतले असतात, कारण रुग्ण उशिरा पोचतो. खोकला किती दिवसांचा आहे हे न पाहता खोकला, ताप, वजन घटणे, रात्री घाम यांपैकी एक लक्षण असले तरी थुंकी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या क्षयाचे जंतू शोधणाऱ्या जनुकीय तपासणीला पाठवावी. आधी क्षयाची औषधे सुरू करतात आणि ती सोसली की लवकरच एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधे. मेंदूच्या आवरणाच्या क्षयात मात्र एआरटीला चार ते आठ आठवडे थांबतात. एआरटीनंतर ताप परततो, मानेची गाठ फुगते. हा बहुधा जागी झालेल्या प्रतिकारशक्तीचा दाह असतो. औषध लागू पडत नाही असे समजून इथे रुग्ण गोळ्या सोडतो. औषधाला दाद न देणारा क्षय नाही ना, हे तपासून दोन्ही उपचार चालू ठेवतात.

क्षयावरच्या रिफाम्पिसिनमुळे डोल्युटेग्राविर या एचआयव्हीवरच्या औषधाचे रक्तातले प्रमाण लवकर घटते. म्हणून टीएलडीच्या (डोल्युटेग्राविर असलेल्या एआरटीच्या एकत्रित गोळीच्या) रोजच्या गोळीनंतर 12 तासांनी डोल्युटेग्राविरची 50 मिलिग्रॅमची आणखी एक गोळी लागते. क्षयाचा उपचार संपल्यावरही ती दोन आठवडे चालते. ही दुसरी गोळी सर्वांत जास्त चुकते. लोहाची गोळी रिकाम्या पोटी सोबत घेतली तर डोल्युटेग्राविर नीट शोषले जात नाही. दोन्ही जेवणासोबत घ्याव्यात, नाहीतर लोह सहा तासांनी.

सातपुड्याच्या पट्ट्यात, विशेषतः नंदुरबारच्या भिल्ल-पावरा पाड्यांवर, सिकलसेल हा रक्तपेशींचा आनुवंशिक आजार बराच आढळतो. अशा रुग्णाचे डोळे मुळातच पिवळसर असतात. कावीळ दिसली म्हणून गोळ्या बंद करण्याआधी एएलटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारे द्रव्य) पाहावे. ते सामान्य असून फक्त अप्रत्यक्ष बिलिरुबिन (रक्तपेशी फुटल्याने वाढणारे पिवळे द्रव्य) वाढले असेल तर दोष बहुधा औषधांचा नसतो. एएलटी मर्यादेच्या पाचपट झाले, किंवा मळमळ-ओकारीसह तिप्पट, तर मात्र औषधे लगेच थांबवतात. रक्त कमी असलेल्याला झिडोव्ह्युडिन हे एचआयव्हीवरचे औषध टाळावे.

धडगाव-अक्कलकुवा भागातून दिवाळीनंतर जोडपी गुजरातेत ऊसतोडीला निघतात आणि होळीला परततात. ऑक्टोबरात सुरू झालेला सहा महिन्यांचा उपचार असा बराचसा उसाच्या फडावरच जातो. निघण्याआधी टोळी कुठल्या तालुक्यात उतरणार हे विचारून निक्षयवर बदली करावी, आणि तिकडच्या केंद्राने ती स्वीकारली का हे फोनवर खात्री करून घ्यावे. नुसती पाठवलेली बदली तशीच पडून राहते. एआरटीची बदली वेगळी असते, एक झाली म्हणजे दुसरी होत नाही. टोळीच्या मुकादमाचा नंबर घ्यायला हरकत नाही, पण रुग्ण एचआयव्हीबाधित आहे हे त्याला कळता कामा नये. 2017 च्या एचआयव्ही व एड्स कायद्याने ही गोपनीयता बंधनकारक आहे. निक्षय पोषणाचे (क्षयरुग्णाच्या आहारासाठीच्या सरकारी मदतीचे) पैसे, नोव्हेंबर 2024 पासून महिना 1000 रुपये, थेट बँक खात्यात येतात. त्यामुळे खाते चालू आहे का हेही निघण्याआधीच पाहावे.

उपचार यशस्वी झाल्यावर सहा महिने आयसोनियाझिड प्रतिबंधक म्हणून देतात, सोबत पायरिडॉक्सिन (जीवनसत्त्व बी6). रोग उलटला का हे पाहायला 6, 12, 18 आणि 24 महिन्यांनी पुन्हा तपासणी असते.