उघडता येणारा लॅपटॉप : सांगलीत जुनी यंत्रे का टिकली, याची पार्श्वभूमी

सांगली, विश्रामबाग आणि मिरज परिसरातील लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानांत दहा-बारा वर्षांपूर्वीची यंत्रे रोज टेबलावर येतात. त्यांपैकी बरीचशी भंगारात जाण्यासाठी नव्हे, तर पुन्हा कामाला लागण्यासाठी आलेली असतात. कुणाला रॅम (कामाच्या वेळची मेमरी) वाढवून हवी असते, कुणाचा कीबोर्ड बदलायचा असतो, कुणाचे बिजागर तुटलेले असते. नवा लॅपटॉप परवडत नाही म्हणून लोक जुना ओढत नेतात, असे याचे स्पष्टीकरण सहज दिले जाते. ते अर्धेच खरे आहे. नवे यंत्र घेणे ज्यांना अवघड नाही असे डीटीपी करणारे, कर सल्लागार, प्राध्यापक आणि प्रोग्रॅमरही ठरवून जुनी यंत्रे सांभाळतात. त्यांच्या निवडीमागे लॅपटॉपच्या बांधणीत गेल्या तीस वर्षांत झालेला बदल आहे, आणि तो बदल इथल्या कामाच्या गरजांशी नेमका कुठे अडखळला हे पाहिल्याशिवाय ही निवड समजत नाही.

लॅपटॉप दुरुस्त करता यावा ही कल्पना मुळात घरगुती ग्राहकासाठी जन्मली नाही. आयबीएमने ऑक्टोबर १९९२ मध्ये थिंकपॅड ७००सी बाजारात आणला, तेव्हा त्याचा ग्राहक मोठी कंपनी होता. अशा कंपनीत शेकडो माणसे एकाच प्रकारचे यंत्र वापरतात, आणि एक यंत्र बंद पडले म्हणजे एका माणसाचा दिवस वाया जातो. त्यामुळे तंत्रज्ञाने कर्मचाऱ्याच्या टेबलाशी येऊन चार स्क्रू काढावेत, बिघडलेला भाग बदलावा आणि निघून जावे, या हिशेबाने बांधणी झाली. बदलता येणाऱ्या प्रत्येक भागाला स्वतंत्र क्रमांक मिळाला. यंत्र पायरीपायरीने कसे उघडायचे हे सांगणारी देखभाल-पुस्तिका कंपनी स्वतः खुली ठेवत असे, आणि २००५ मध्ये आयबीएमचा संगणक विभाग लेनोव्होकडे गेल्यावरही ती प्रथा चालू राहिली. डेलची लॅटिट्यूड आणि एचपीची एलिटबुक या मालिका याच ग्राहकासाठी होत्या. २०११ च्या एलिटबुक ८४६०पी या यंत्राचे तळाचे झाकण तर कोणतेही हत्यार न घेता, खटका सरकवून निघत असे. मोठ्या कंपन्यांच्या सोयीसाठी केलेली ही रचना पुढे सांगलीतल्या विद्यार्थ्याच्या उपयोगी पडली, हे त्या रचनाकारांच्या मनातही नसेल.

या रचनेला सामाईक मापांचा आधार होता. रॅमची पट्टी, अडीच इंची हार्ड डिस्क आणि वाय-फाय कार्ड यांची मापे एका कंपनीची खाजगी मालमत्ता नव्हती. डीडीआर३ पट्टीला २०४ पिना असतात, मग ती कोणत्याही कंपनीच्या लॅपटॉपमध्ये बसवायची असो. एका मेलेल्या यंत्राची रॅम दुसऱ्या जिवंत यंत्रात चालते ती याचमुळे, आणि दुकानदार ‘पार्टसाठी’ म्हणून मोडकी यंत्रे विकत घेतात तीही याचमुळे.

मग दार बंद होऊ लागले. जानेवारी २००८ मध्ये अॅपलने मॅकबुक एअर आणला. त्यात रॅम मदरबोर्डवरच, म्हणजे यंत्राच्या मुख्य सर्किट-बोर्डवरच, झाळलेली (सोल्डर केलेली) होती. २०११ मध्ये इंटेलने ‘अल्ट्राबुक’ हे नाव देऊन १८ ते २१ मिलिमीटरच्या आत बसणाऱ्या यंत्रांचा आग्रह धरला आणि इतर कंपन्याही पातळपणाच्या मागे लागल्या. २०१२ च्या रेटिना पडद्याच्या मॅकबुक प्रोमध्ये रॅम झाळलेली तर होतीच, बॅटरीही चिकटवलेली आली. प्रोसेसर सॉकेटमधून काढून दुसरा बसवण्याची सोय इंटेलच्या चौथ्या पिढीपर्यंत, म्हणजे थिंकपॅड टी४४०पी सारख्या २०१३ च्या यंत्रांपर्यंत टिकली. पाचव्या पिढीपासून लॅपटॉपचे प्रोसेसर बोर्डवर कायमचे झाळले जाऊ लागले. या बदलांना तांत्रिक कारणे नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रोसेसरच्या अगदी जवळ झाळलेली कमी विजेची मेमरी खरोखरच बॅटरी वाचवते, आणि कडक वेष्टन नसलेली बॅटरी त्याच जागेत जास्त ऊर्जा साठवते. मात्र या फायद्यांची किंमत यंत्राच्या आयुष्यातून वसूल झाली. ८ जीबी रॅम घेऊन आलेले असे यंत्र शेवटपर्यंत ८ जीबीचेच राहते, आणि मेमरीची एक चिप गेली की प्रश्न पूर्ण बोर्डाचा होतो.

याच काळात दुसरी एक गोष्ट घडत होती, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली तिथे आहे. नवे यंत्र जुन्यापेक्षा फारसे वेगवान होईनासे झाले. २०११ च्या दुसऱ्या पिढीपासून ऑगस्ट २०१७ मध्ये आठव्या पिढीचे प्रोसेसर येईपर्यंत इंटेलच्या कमी विजेच्या, म्हणजे बहुतेक पातळ लॅपटॉपांत बसणाऱ्या प्रोसेसरांत दोनच कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे गणनाभाग) असत. पत्रव्यवहार, हिशेब, ब्राउझर, अध्यापन यांसाठी त्या सहा वर्षांतला फरक हाताला जाणवेल इतका नव्हता. जो फरक जाणवला तो एसएसडीने, म्हणजे तबकडीऐवजी चिपांत माहिती साठवणाऱ्या डिस्कने, घडवला, आणि एसएसडी जुन्या यंत्रातही बसत होती. फिरत्या तबकडीवरील माहितीपर्यंत पोचायला हार्ड डिस्कच्या दांडीला दहा मिलिसेकंदांच्या आसपास वेळ लागतो, तर एसएसडीला त्याचा शंभरावा भाग पुरतो. २०११ चा थिंकपॅड एक्स२२० घ्या. उत्पादकाच्या कागदावर त्याची रॅम-मर्यादा ८ जीबी आहे, प्रत्यक्षात १६ जीबी चालते. त्यात एसएसडी घातली की सुरू होण्यास लागणारा वेळ मिनिटांवरून सेकंदांवर येतो. यंत्रे वेगवान होण्याचे थांबली आणि उघडण्याचेही थांबली, या दोन गोष्टी एकाच दशकात घडल्यामुळे, दार बंद होण्याआधीची शेवटची यंत्रे लोकांनी घट्ट धरून ठेवली. कीबोर्डबद्दलची आस्थाही त्यात आहेच. थिंकपॅडचा जुना, सात ओळींचा कीबोर्ड २०१२ च्या पिढीत गेला तेव्हा इतकी हळहळ झाली की २०१७ मध्ये पंचविसाव्या वर्षानिमित्त काढलेल्या खास आवृत्तीत तो पुन्हा द्यावा लागला.

ही यंत्रे सांगली-साताऱ्यापर्यंत आली ती बव्हंशी पुण्याच्या वाटेने. मोठ्या कंपन्या लॅपटॉप तीन-चार वर्षांच्या भाडेपट्ट्यावर घेतात आणि मुदत संपली की ते एकगठ्ठा व्यापाऱ्यांकडे जातात. त्यांतले काही साफ होऊन, बॅटरी बदलून, ‘रिफर्बिश्ड’ म्हणून लहान शहरांत पोचतात. इथे ग्राहक तयार होता. २००१ मध्ये एमकेसीएल (महाराष्ट्र ज्ञान महामंडळ) स्थापन झाले, पुढच्याच वर्षी त्याचा एमएस-सीआयटी हा संगणक-साक्षरतेचा अभ्यासक्रम सुरू झाला, आणि तालुक्याच्या गावीही संगणक हाताळलेली पिढी तयार झाली. सांगलीत १९४७ पासूनचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय, तर साताऱ्यात आणि आसपासच्या तालुक्यांत १९८३ नंतर निघालेली महाविद्यालये, यांतील विद्यार्थ्यांना मजबूत आणि वाढवता येणारे यंत्र हवे होते. २०२० मध्ये शाळा घरात आल्यावर तर कपाटात पडून असलेली यंत्रेही बाहेर निघाली.

आता इथल्या कामाकडे पाहू, कारण जुन्या यंत्राचे खरे कारण अनेकदा त्यातल्या सॉफ्टवेअरमध्ये सापडते. लग्नपत्रिका, संस्थांचे वार्षिक अहवाल, स्मरणिका, दिवाळी अंक यांची मराठी अक्षरजुळणी कित्येक वर्षे पेजमेकर या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये, श्री-लिपी किंवा आकृतीसारख्या फाँटमध्ये झाली. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, ही २००१ ची. हे फाँट युनिकोडपूर्व पद्धतीचे आहेत. म्हणजे फाइलमध्ये साठवलेले असते ते रोमन अक्षराचे किंवा एखाद्या चिन्हाचे स्थान, आणि तो विशिष्ट फाँट असला तरच त्याचे ‘क’ किंवा ‘र्‍या’ होते. दुसऱ्या यंत्रावर तीच फाइल निरर्थक चिन्हांची रांग होऊन उघडते. रूपांतर करणारी साधने आहेत, पण जोडाक्षरे, रफार आणि पहिली वेलांटी तपासत पुन्हा मुद्रितशोधन करणे सुटत नाही. ज्याच्याकडे पंचवीस वर्षांचे असे काम साठलेले आहे, त्याला विंडोज एक्सपी किंवा ७ चालवणारे, सॉफ्टवेअरच्या परवान्याचा डोंगल (संगणकाला जोडायचे छोटे उपकरण) ओळखणारे एक यंत्र जिवंत ठेवावेच लागते. अनेक लहान संस्थांचे जुने हिशेब फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस-सॉफ्टवेअरमध्ये आहेत, त्यांचीही स्थिती अशीच. डॉसच्या काळातील १६-बिट प्रोग्रॅम ६४-बिट विंडोजवर थेट चालत नाहीत, आणि विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्तीच नाही. जुना लॅपटॉप इथे दप्तराच्या कपाटाची किल्ली आहे, आणि किल्ली जुनी झाली म्हणून कुणी फेकत नाही.

कृष्णेच्या पुराने वेगळे कारण शिकवले. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीतील आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ५७ फुटांवर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पेठांमधली दुकाने आणि घरे दिवसेंदिवस पाण्यात राहिली. भिजलेल्या लॅपटॉपचा बोर्ड वाचतो की नाही हे गाळ, विद्युतप्रवाह आणि नशीब यांवर ठरते. पण ज्या यंत्राची डिस्क एका झाकणाखालून निघते, त्यातली माहिती बोर्ड मेला तरी दुसऱ्या यंत्राला जोडून काढून घेण्याची संधी असते. साठवण बोर्डवरच झाळलेली असेल तर आधी तो बोर्ड जिवंत करावा लागतो. ज्यांच्या दुकानाची खाती अशा यंत्रात आहेत त्यांच्यासाठी हा फरक वर्षभराच्या उधारीएवढा मोठा आहे.

दुरुस्ती करणारे हात इथे नवे नव्हते. १९१० मध्ये किर्लोस्करवाडीत लोखंडी नांगराचा कारखाना उभा राहिल्यापासून या भागात यंत्र खोलून पाहण्याची सवय रुजत गेली, आणि विहिरीवरची मोटर पुन्हा बांधून घेणे हे इथल्या शेतकऱ्याला नेहमीचे काम आहे. मिरजेत तर एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी तंतुवाद्ये दुरुस्त करता करता ती घडवायलाही घेतली; त्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. लॅपटॉपमध्ये या वृत्तीला ‘चिप लेव्हल’ दुरुस्तीचे रूप मिळाले. तिला जोर आला तो एका मोठ्या बिघाडाच्या काळात. जुलै २००६ पासून युरोपच्या नियमामुळे शिसेविरहित झाळ सर्वत्र रूढ होत होती, आणि २००८ मध्ये एनव्हिडियाच्या काही लॅपटॉप ग्राफिक चिपांच्या जोडणीतच दोष निघाला, ज्यासाठी कंपनीने १९.६ कोटी डॉलरची तरतूद केली. पडदा काळा पडलेली यंत्रे दुकानांत येऊ लागली. चिप तापवून काढणे, तिच्याखालचे झाळेचे गोळे नव्याने बसवणे, मल्टिमीटर लावून बोर्डावरचा शॉर्ट शोधणे, बायोस (यंत्र सुरू करणारा, बोर्डावरच्या चिपमधला प्रोग्रॅम) नव्याने लिहिणे ही विद्या शिकल्याशिवाय कारागिराला गत्यंतर राहिले नाही. बोर्डाचे स्केमॅटिक, म्हणजे जोडण्यांचा नकाशा, हाती असेल तर काही रुपयांचा एक कपॅसिटर बदलून यंत्र उठते. नसेल तर तोच कारागीर आंधळा होतो. माहिती खुली असावी हा आग्रह म्हणूनच दुरुस्तीच्या मुळाशी आहे.

जुन्या यंत्रांची भलामण करताना त्यांचे दोष झाकणे बरोबर नाही. मूळ बॅटऱ्या मिळेनाशा झाल्या आहेत, आणि नकली बॅटरी अनेकदा फार काळ टिकत नाही. थिंकपॅडच्या अनेक जुन्या पिढ्यांत बायोस ठरावीक वाय-फाय कार्डेच स्वीकारतो, म्हणजे बंधने तेव्हाही होती. सर्वांत मोठी अडचण १४ ऑक्टोबर २०२५ ला आली, जेव्हा विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे हार्डवेअर धडधाकट असलेली असंख्य यंत्रे अधिकृत यादीबाहेर पडली. इंटरनेटला न जोडता फक्त अक्षरजुळणी करणाऱ्या यंत्राला याने फरक पडत नाही. बँकेचे व्यवहार करणाऱ्याला पडतो, आणि त्याने तो गंभीरपणे घ्यावा. अशांपैकी काहीजण लिनक्स मिंट या मोफत कार्यप्रणालीकडे वळले आहेत, जिथे युनिकोड मराठी आणि इन्स्क्रिप्ट कीबोर्ड सहज मिळतो. इतरांची मागणी थिंकपॅड टी४८० वर एकवटलेली दिसते, आणि त्याचे कारण सरळ आहे. २०१८ च्या या यंत्रात आठव्या पिढीचा प्रोसेसर मिळतो, रॅमचे दोन स्लॉट आहेत, आणि आतल्या बॅटरीखेरीज मागे बाहेरून निघणारी दुसरी बॅटरी आहे, जी चालू यंत्रातही बदलता येते. पुढच्या टी४९० मध्ये बाहेरची बॅटरी गेली आणि एक रॅम बोर्डवर झाळली गेली.

कायदा या सवयीच्या मागोमाग येतो आहे. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिने निवडलेल्या चार क्षेत्रांत मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्सबरोबर शेतीची अवजारेही होती, हे आपल्या भागाने लक्षात ठेवावे. त्याच डिसेंबरमध्ये दुरुस्तीविषयक माहितीचे पोर्टल सुरू झाले. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, परंतु त्यांचा भर पुनर्चक्रीकरणावर आहे. सुटे भाग आणि स्केमॅटिक देण्याची सक्ती आपल्याकडे अजून नाही, आणि ती व्हायला हवी. फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीयोग्यतेचा निर्देशांक छापणे बंधनकारक केले, आणि युरोपीय संघात १८ फेब्रुवारी २०२७ पासून लहान उपकरणांच्या बॅटऱ्या वापरणाऱ्याला स्वतः काढता येण्याजोग्या असाव्या लागणार आहेत. २०२१ मध्ये अमेरिकेत फ्रेमवर्क कंपनीने मुद्दाम उघडता येणारा लॅपटॉप विकायला घेतला. फेब्रुवारी २०२४ मध्ये लेनोव्होने जाहीर केलेल्या थिंकपॅड टी१४ च्या पाचव्या पिढीत रॅमचे दोन स्लॉट परत आले आहेत आणि बॅटरी बदलणेही सोपे झाले आहे. कंपन्यांनी भाडेपट्ट्यावर घेतलेली ती यंत्रे मुदत संपून २०२७-२८ च्या सुमारास पुण्याहून इकडे येऊ लागतील, तोवर टी४८० च्या बॅटऱ्या पुरवून वापराव्या लागतील.