बर्मिंगहॅमचं रौप्य, हांगझोचं सुवर्ण, आणि दोन्हीवर शिक्का ‘२०२२’चा

‘२०२२च्या स्पर्धेत भारतीय महिला क्रिकेट संघाला कोणतं पदक मिळालं?’ बेळगावात भरतीच्या परीक्षांची तयारी करणाऱ्या पोरापोरींना हा प्रश्न घालून बघा, किंवा गणेशोत्सवातल्या एखाद्या प्रश्नमंजूषेत विचारून बघा. काही जण रौप्य म्हणतील, काही सुवर्ण. आणि दोघांनाही गुण द्यावे लागतील, कारण प्रश्नच अर्धवट आहे. ‘२०२२’ नावाच्या दोन स्पर्धा झाल्या, दोन्हीत महिलांचं टी-ट्वेंटी क्रिकेट होतं, दोन्हीकडे अंतिम सामन्यात हरमनप्रीत कौरच कर्णधार होती.

पहिली राष्ट्रकुल स्पर्धा, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमची. ती खरोखरच २०२२ मध्ये झाली. महिला क्रिकेट २९ जुलै ते ७ ऑगस्ट. दुसरी आशियाई क्रीडा स्पर्धा, चीनमधल्या हांगझोची. ती कोरोनामुळे वर्षभर पुढे ढकलली गेली आणि २०२३च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात झाली, पण नाव ‘हांगझो २०२२’ असंच राहिलं. सगळा घोळ इथला. लक्षात ठेवायला आपलं पंचांग बरं पडतं. बर्मिंगहॅमला भारताचा पहिला सामना झाला तो २९ जुलै, त्याच दिवशी श्रावण लागला होता; अंतिम सामना रविवारी रात्री साडेनऊला सुरू झाला आणि निकाल लागेपर्यंत बारा वाजून गेले. हांगझोचा अंतिम सामना २५ सप्टेंबर २०२३, सोमवार, सकाळी साडेअकरा, आणि घराघरांत, मंडळांत गणपती बसलेले. श्रावणात जागून पाहिलेली हार ती बर्मिंगहॅमची, गणपतीत दुपारी कानावर आलेली जीत ती हांगझोची.

तारखांचा गुंता एवढ्यावर सुटतो. खरा फरक मैदानात कोण उतरलं यात आहे, आणि तो नीट पाहण्यासारखा आहे.

राष्ट्रकुलात बहुतेक करून ब्रिटिश साम्राज्याखाली राहिलेले देश येतात. म्हणजे क्रिकेट खेळणारं जवळजवळ सगळं जग. बर्मिंगहॅमला आठ संघ होते: ऑस्ट्रेलिया, इंग्लंड, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, भारत, पाकिस्तान, श्रीलंका आणि बार्बाडोस. या यादीत वेस्ट इंडीज नाही, आणि ते विसरून राहिलेलं नाही. वेस्ट इंडीज हा देशच नाही. कॅरिबियनमधल्या बेटांनी आणि गयानाने मिळून क्रिकेटपुरता उभा केलेला तो संघ आहे. राष्ट्रकुल स्पर्धेत प्रत्येक बेट आपापला झेंडा घेऊन येतं. म्हणून तिथल्या देशांतर्गत टी-ट्वेंटी स्पर्धेचं विजेतेपद ज्याच्याकडे होतं त्या बार्बाडोसला जागा मिळाली. हेली मॅथ्यूज आणि डिअँड्रा डॉटिन एरवी वेस्ट इंडीजकडून खेळायच्या, त्या इथे बार्बाडोसकडून उतरल्या. त्याच नियमानं इंग्लंड इंग्लंड म्हणून खेळलं, ब्रिटन म्हणून नव्हे.

आपल्या भागातल्या माणसाला हे समजावून सांगायला फार वेळ लागू नये. खानापूर, निपाणी, बेळगाव इथल्या मराठी घरातली मुलगी क्रिकेटमध्ये पुढे निघाली तर तिचा रस्ता कर्नाटक क्रिकेट संघटनेच्या धारवाड झोनमधून बंगळूरला जातो आणि अंगावर जर्सी येते कर्नाटकची. निपाणीहून कोल्हापूर हाकेच्या अंतरावर आहे, बंगळूर पाचशे किलोमीटरच्याही पुढे. तरी नोंदणी कुठल्या संघटनेकडे, यावर संघ ठरतो, घरात काय बोलतात यावर नाही. त्यामुळे सांगलीत वाढलेली स्मृती मानधना महाराष्ट्राकडून वर आली आणि विजयपूरची राजेश्वरी गायकवाड कर्नाटकातून. मधल्या पट्ट्यात राहणारे आपण दोघींनाही आपलीच म्हणतो, आणि त्यात चूक काही नाही. राजेश्वरी तर या दोन्ही स्पर्धांच्या चमूत होती.

आशियाई स्पर्धेची यादी पूर्ण वेगळी. तिथे ऑस्ट्रेलिया नाही, इंग्लंड नाही, न्यूझीलंड नाही. भारत, पाकिस्तान, श्रीलंका, बांगलादेश हे चार ओळखीचे, आणि पुढे मलेशिया, थायलंड, हाँगकाँग, इंडोनेशिया, अगदी मंगोलियासुद्धा. मंगोलियाचा संघ इंडोनेशियाविरुद्ध १५ धावांत बाद झाला, त्यावरून संघासंघातली दरी कळावी. म्हणूनच चार मोठ्या संघांना क्रमवारीच्या जोरावर थेट उपांत्यपूर्व फेरीत बसवलं होतं. बेळगावच्या आनंदवाडी आखाड्यात नामवंत पैलवानाची जोड शेवटी लागते, खालच्या कुस्त्या त्याला कराव्या लागत नाहीत, तसंच ते.

या मानामुळे भारताचा रस्ता किती सोपा झाला ते बघा. पहिला सामना मलेशियाशी. पावसामुळे १५ षटकांचा झालेला तो डाव, शफाली वर्माच्या ६७ धावा, भारत २ बाद १७३. मलेशियाचे दोनच चेंडू पडले आणि पाऊस परत आला. वरचं मानांकन म्हणून भारत पुढे. उपांत्य फेरीत बांगलादेश ५१ धावांत गारद, पूजा वस्त्रकारचे ४ बळी. या दोन्ही सामन्यांत हरमनप्रीत बंदीमुळे बाहेर होती आणि नेतृत्व स्मृतीकडे होतं. अंतिम सामन्यात मात्र घाम फुटला. संथ खेळपट्टीवर स्मृतीच्या ४६ आणि जेमिमा रॉड्रिग्जच्या ४२ धावा सोडल्या तर फार काही नाही. भारत ७ बाद ११६. मग अठरा वर्षांच्या तितास साधूनं ४ षटकांत अवघ्या ६ धावा देऊन ३ बळी घेतले, राजेश्वरीनं २ काढले, आणि श्रीलंका ८ बाद ९७ वर थांबली. १९ धावांनी सुवर्ण.

आता बर्मिंगहॅम. तिथे कुणालाच अशी सूट नव्हती: दोन गट, प्रत्येक गटातून दोन संघ पुढे, आणि भारताच्या गटात ऑस्ट्रेलिया. पहिल्याच सामन्यात रेणुका सिंगनं ४ बळी घेऊन ऑस्ट्रेलियाची आघाडीची फळी कापून काढली, तरी ॲशले गार्डनरनं नाबाद ५२ करून सामना ३ गड्यांनी ओढून नेला. त्यानंतर पाकिस्तानला ८ गड्यांनी आणि बार्बाडोसला १०० धावांनी हरवणं भाग होतं, ते झालं. उपांत्य फेरीत यजमान इंग्लंड, त्यांच्याच एजबॅस्टनवर. स्मृतीनं ३२ चेंडूंत ६१ केल्या, स्नेह राणानं शेवटचं षटक सांभाळलं, आणि भारत ४ धावांनी जिंकला. माझ्या मते या दोन्ही स्पर्धा मिळून भारताचा सगळ्यात दर्जेदार विजय हाच, हांगझोच्या अंतिम सामन्यातला नव्हे.

अंतिम सामना अजूनही पचत नाही. ऑस्ट्रेलिया ८ बाद १६१. त्यांची ताहलिया मॅकग्रा कोरोनाची लागण झालेली असूनही खेळली. सहकारी आनंद साजरा करतानाही तिच्यापासून लांब राहत होत्या, आणि तिला खेळू देणं योग्य होतं का यावर बरीच चर्चा झाली. भारत २ बाद २२ वरून हरमनप्रीत आणि जेमिमाच्या ९६ धावांच्या भागीदारीनं ११८ पर्यंत पोहोचला होता. ४४ धावा हव्यात, आठ गडी हातात. तिथून सगळे १५२ वर बाद. हरमनप्रीतच्या ६५ धावा, आणि ९ धावांनी रौप्य.

मग कोणतं पदक भारी? रंग बघितला तर उत्तर सरळ आहे. पण खेळ बघितला तर मी बर्मिंगहॅमच्या रौप्याला वरचं स्थान देईन. पाच पूर्ण लढती, त्यांतल्या दोन त्या काळच्या जगातल्या सर्वोत्तम संघाशी, एक यजमानांशी. हांगझोला तीन सामने, त्यातला एक दोन चेंडूंवर सुटलेला. यानं तितासची गोलंदाजी हलकी होत नाही, आणि ११६ धावा राखायला जिगर लागतेच. शिवाय आशियाई स्पर्धेतल्या क्रिकेटमध्ये भारताचं हे पहिलंच पाऊल होतं. २०१० मध्ये ग्वांगझोला आणि २०१४ मध्ये इंचॉनला महिला क्रिकेट झालं तेव्हा भारतानं संघच पाठवला नव्हता. दोन्ही वेळा सुवर्ण पाकिस्ताननं नेलं, रौप्य बांगलादेशानं. २०१८ला जकार्तात क्रिकेट नव्हतंच.

पुरुषांच्या क्रिकेटबद्दलही लोकांची गल्लत होते. बर्मिंगहॅमला फक्त महिलांचं क्रिकेट होतं. राष्ट्रकुलात पुरुष खेळले ते १९९८ मध्ये क्वालालंपूरला, पन्नास षटकांचं. तिथे सुवर्ण दक्षिण आफ्रिकेचं. हांगझोला पुरुष आणि महिला दोघंही होते, आणि भारताला दोन्हीकडे सुवर्ण मिळालं, पुरुषांचं तर अंतिम सामना पावसात वाहून गेल्यावर मानांकनावर.

जाता जाता आशिया चषकालाही बाजूला काढून ठेवा. ऑक्टोबर २०२२ मध्ये सिल्हेटला भारतानं श्रीलंकेलाच अंतिम सामन्यात ८ गड्यांनी हरवलं होतं. ती आशियाई क्रिकेट परिषदेची स्पर्धा, निव्वळ क्रिकेटची. तिथे चषक मिळतो, पदकतालिकेत त्याची नोंद होत नाही. हांगझोला भारताची जी १०७ पदकं झाली, त्यांत महिला क्रिकेटचं एक आहे. बर्मिंगहॅमच्या ६१ मध्येही एक.

इथून पुढे दोन्ही वाटा फुटतात. २०२६ची राष्ट्रकुल स्पर्धा ग्लासगोला, खर्चाला कात्री लावून दहाच खेळांची, आणि त्यांत क्रिकेट नाही. त्याच वर्षीची आशियाई स्पर्धा जपानमधल्या आइची-नागोयाला, तिच्या कार्यक्रमात क्रिकेट आहे. २०२८ला लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पुरुष आणि महिला दोन्ही गटांत सहा-सहा संघ खेळणार आहेत. तिथे इंग्लंड म्हणून चालत नाही, ब्रिटन म्हणूनच यावं लागतं. आणि वेस्ट इंडीजपुढे बार्बाडोसचाच प्रश्न नव्यानं उभा राहतो.